इंग्रजी शिकवायला परदेशी : अहमदनगरच्या ॲनापासून कोरियाच्या ई-२ व्हिसापर्यंत

चार मराठी माणसं चहाचे कप घेऊन उभी राहिली की पाचव्या मिनिटाला विषय व्हिसावर येतो. एफ-१, एच-१बी, एल-१, आई-वडिलांचा बी-२, ग्रीन कार्डाची न संपणारी रांग... या सगळ्यांत आपण घरबसल्या तज्ज्ञ झालो आहोत. अलीकडे मात्र आपल्या गप्पांत एक वेगळाच व्हिसा डोकावू लागला आहे, आणि तो आपल्यासाठी नसून आपल्या मुलांसाठी आहे. इथे जन्मलेली, इथेच वाढलेली मुलं कॉलेज संपल्यावर एक-दोन वर्षं कोरियाला किंवा जपानला जातात आणि तिथल्या शाळांमध्ये इंग्रजी शिकवतात. थोडे पैसे जमवतात, जग बघतात आणि परत येऊन पुढच्या शिक्षणाला लागतात.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबातली मुलगी अशीच कोरियाला निघाली, तेव्हा "तुम्हाला व्हिसाचं सगळं ठाऊक असतं" म्हणून तिच्या वडिलांनी कागदपत्रं माझ्याकडे पाठवली. मी पेशाने आयटी कन्सल्टंट. नियम वाचायचे म्हणजे तळटीपेपर्यंत वाचायचे ही सवय. त्या नियमांत सात देशांची एक यादी होती : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. या सात देशांचा पासपोर्ट असेल तर तुम्ही इंग्रजीचे 'मूळ भाषक'. भारत त्या यादीत नव्हता. दीडशे वर्षांहून अधिक काळ ज्या देशाची विद्यापीठं इंग्रजीत चालतात, त्या देशाचं इंग्रजी इथे धरलं जात नव्हतं.

ही यादी कुणी केली, कधी केली, आणि इंग्रजी शिकवायला परदेशी जाणाऱ्या माणसाला पूर्वी काय दाखवावं लागायचं, हे शोधत मी बरंच वाचलं. त्यात एक धागा अगदी आपल्या नगर-पुण्यापर्यंत आला. हा लेख त्या वाचनाचा आहे.

व्हिसा नव्हे, तुरुंग

जपानमध्ये इंग्रजी मातृभाषा असलेला पहिला शिक्षक म्हणून ज्याचं नाव घेतात, तो रॅनल्ड मॅकडोनल्ड १८४८ साली तिथे पोचला. त्याच्याकडे परवानगी नव्हती, कारण परवानगी नावाची गोष्टच नव्हती. जपानने दोनशे वर्षं दारं बंद ठेवली होती. नागासाकीत डच आणि चिनी व्यापाऱ्यांना तेवढी मोजकी मुभा होती. बाकी परका माणूस किनाऱ्याला लागला की कैद.

मॅकडोनल्डचा जन्म १८२४ साली आजच्या ओरेगन राज्यातल्या ॲस्टोरियाचा. वडील स्कॉटिश, फरच्या व्यापारातल्या कंपनीचे नोकर. आई चिनूक जमातीच्या प्रमुखाची मुलगी. व्हेल माशांची शिकार करणाऱ्या जहाजावर तो खलाशी झाला आणि जपानच्या उत्तरेला जहाज आल्यावर एका छोट्या होडीतून मुद्दाम एकटाच किनाऱ्याकडे गेला. जहाज फुटल्याचं सोंग त्याने केलं. ऐनू लोकांनी त्याला आसरा दिला, नंतर अधिकाऱ्यांनी ताब्यात घेतलं आणि त्याची रवानगी नागासाकीला झाली.

तिथे त्याला कोंडून ठेवलं होतं, पण जपानी दुभाष्यांना आयती संधी मिळाली. डच भाषा जाणणाऱ्या चौदा दुभाष्यांना त्याने त्या कोठडीत इंग्रजी शिकवलं. एप्रिल १८४९ मध्ये एका अमेरिकन युद्धनौकेतून त्याची पाठवणी झाली. त्याच्या विद्यार्थ्यांपैकी मोरियामा एइनोसुके हा पुढे १८५४ मध्ये कमोडोर पेरीशी झालेल्या वाटाघाटींत प्रमुख दुभाषा होता. म्हणजे जपानची दारं उघडणारी बोलणी ज्यांच्यामार्फत झाली, त्यांच्यातला एक जण बेकायदा घुसलेल्या मास्तराचा विद्यार्थी होता. त्याला कुणी पदवी विचारली नव्हती. तो इंग्रजी बोलत होता आणि समोरच्यांना ते शिकायचं होतं, एवढ्यावर काम भागलं.

नगरची ॲना

दुसरी गोष्ट सयामची, म्हणजे आजच्या थायलंडची. 'द किंग अँड आय' हा सिनेमा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. १९५१ चं संगीत नाटक, त्यावरून १९५६ चा चित्रपट, त्यात तुळतुळीत टक्कल केलेला युल ब्रिनर राजाच्या भूमिकेत. राजाच्या मुलांना इंग्रजी शिकवायला आलेली करारी इंग्रज बाई म्हणजे ॲना लिओनोवेन्स. थायलंडमध्ये या सिनेमावर बंदी आली, कारण त्यातला राजा त्यांना आपला वाटला नाही. पण त्यातली बाईसुद्धा खरी नव्हती, हे कळायला जगाला बराच काळ लागला.

ॲनाने आयुष्यभर सांगितलं की तिचा जन्म १८३४ साली वेल्समध्ये झाला, घर खानदानी होतं, नवरा सैन्यात मेजर होता आणि वाघाच्या शिकारीवर असताना उष्माघाताने गेला. १९७० च्या दशकात ब्रिटिश संशोधक डब्ल्यू. एस. ब्रिस्टो तिच्या मुलावर पुस्तक लिहिण्यासाठी जुनी दप्तरं चाळत होता. त्याला वेल्समध्ये काही सापडलं नाही. सापडलं ते मुंबई इलाख्याच्या नोंदींमध्ये. ॲना एडवर्ड्स हिचा जन्म १८३१ चा, गाव अहमदनगर. होय, आपलं नगर, आताचं अहिल्यानगर. वडील लष्करात सार्जंट. ती जन्मण्याआधीच वारले. आईने दुसरं लग्न केलं, तेही लष्करातल्याच एका साध्या शिपाईगड्याशी. पुढे सुझन मॉर्गन या अमेरिकन प्राध्यापिकेने २००८ मध्ये तिचं सविस्तर चरित्र लिहिलं. ॲनाची आजी बहुधा भारतीय किंवा अर्धी भारतीय असावी, असा त्यातला निष्कर्ष आहे.

१८४९ च्या नाताळात ॲनाचं पुण्यात लग्न झालं. नवरा मेजर वगैरे नव्हता, कारकून होता. नोकरीच्या शोधात दोघं ऑस्ट्रेलियाला गेली, तिथून मलायात पेनांगला. १८५९ मध्ये तो तिथेच वारला. पदरात दोन मुलं, हाती पैसा नाही, पाठीशी कुणी नाही. सिंगापूरला येऊन तिने अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी छोटी शाळा काढली. आणि बहुधा याच सुमारास तिने स्वतःचा जन्म नगरहून वेल्सला हलवला.

हे तिने का केलं असेल, हे आपल्याला कळायला अवघड जाऊ नये. लष्करी छावणीत, बराकीत वाढलेली, भारतात जन्मलेली, मिश्र रक्ताची बाई त्या काळच्या वसाहती समाजात 'इंग्रज' गणली जात नव्हती. तिचं इंग्रजी उत्तम होतं, शिकवण्याची हातोटी होती. पण फी भरणाऱ्याला भाषेबरोबर जन्मस्थानही हवं होतं.

१८६२ मध्ये सयामचा राजा मोंगकुट आपल्या राण्यांसाठी आणि मुलांसाठी इंग्रजी शिक्षिका शोधत होता. आधी मिशनऱ्यांच्या बायका येऊन शिकवत, पण त्यांचं लक्ष धर्मप्रसाराकडे. राजाला ते नको होतं. भाषा, साहित्य, विज्ञान शिकवा. धर्म बदलायला लावू नका, अशी त्याची स्पष्ट अट होती. सिंगापूरमधला सयामचा वकील तान किम चिंग याच्या शिफारशीने ॲनाची निवड झाली. राजाचं पत्र हाच तिचा करार आणि तोच तिचा व्हिसा. पाच वर्षं ती बँकॉकला होती. घर आणि पगार या दोन्हीवरून तिची राजाशी कुरबूर चालू असे. परदेशी नोकरी केलेल्या कुणालाही हे वाचताना आपलंच वाटेल.

तिच्या विद्यार्थ्यांत युवराज चुलालोंगकोर्न होता. तो १८६८ मध्ये गादीवर आला आणि त्याच्या कारकिर्दीत सयाममधली गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपली. ॲना पुढे अमेरिकेत आणि मग कॅनडात गेली. हॅलिफॅक्सला १८८७ मध्ये कलाशाळा सुरू करण्यात तिचा पुढाकार होता; ती संस्था आज विद्यापीठ आहे. १९१५ मध्ये माँट्रियलला ती वारली. शेवटपर्यंत नगरचं नाव तिने घेतलं नाही.

त्याच वर्षी मुंबईत

१८६२ हे साल वाचताना मला आणखी एक गोष्ट आठवली. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची बी.ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली. चार जण : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. १८३५ मध्ये मेकॉलेने टिपण लिहिलं, १८५७ मध्ये विद्यापीठ स्थापन झालं आणि पाचच वर्षांत इंग्रजीतून इतिहास, गणित, तत्त्वज्ञान शिकून परीक्षा दिलेले पदवीधर तयार झाले. रानडे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवूही लागले. मोडक पुढे एल्फिन्स्टन हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले.

सयामच्या राजवाड्यातल्या अंतःपुरासाठी बाईच हवी होती, तेव्हा या चौघांना ते काम मिळण्याचा प्रश्न नव्हता, हे मान्य. पण दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. ज्या वर्षी मराठी माणसाच्या इंग्रजीवर विद्यापीठाने शिक्का मारला, त्याच वर्षी नगरात जन्मलेली एक बाई इंग्रजी शिकवायला परदेशी निघाली आणि ते काम मिळावं म्हणून तिला नगर लपवावं लागलं. भाषा येण्याचा दाखला आणि भाषा शिकवण्याचा परवाना या दोन वाटा तिथपासूनच वेगळ्या झाल्या.

हर्न आणि सोसेकी

जपानने दारं उघडल्यावर सरकारने परदेशी तज्ज्ञ भरपूर पगारावर बोलावले. इंजिनिअर, डॉक्टर आणि इंग्रजीचे शिक्षकसुद्धा. त्यांच्यातला सर्वांत नावाजलेला लॅफकॅडिओ हर्न. जन्म ग्रीसचा, बालपण डब्लिनचं, वृत्तपत्रातली उमेदवारी अमेरिकेतली. १८९० मध्ये तो जपानला आला आणि मात्सुए गावात शाळामास्तर झाला. जपानी बायको केली आणि १८९६ मध्ये जपानी नागरिकत्व घेऊन कोइझुमी याकुमो झाला. त्याच वर्षापासून तो टोकियोच्या शाही विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवू लागला.

१९०३ मध्ये विद्यापीठाने त्याच्या जागी लंडनहून दोन वर्षं शिकून आलेला एक जपानी तरुण घेतला. त्याचं नाव नात्सुमे सोसेकी, पुढे जपानचा फार मोठा कादंबरीकार. विद्यार्थी हर्नवर जीव टाकत, त्यामुळे सोसेकीचे सुरुवातीचे दिवस कठीण गेले. पण इंग्रजी शिकवण्यासाठी इंग्रजीत जन्मलं पाहिजे असं त्या काळच्या जपानला वाटत नव्हतं, एवढं यावरून दिसतं.

पासपोर्ट आणि व्हिसा यांची आज आपल्याला ठाऊक असलेली पद्धत पहिल्या महायुद्धानंतर पक्की झाली. १९२० मध्ये राष्ट्रसंघाने पॅरिसला परिषद घेऊन पासपोर्टचा नमुना ठरवला. त्याआधी शिफारसपत्रावर आणि ओळखीवर भागत असे. त्यानंतर माणसाआधी त्याची पुस्तिका बघितली जाऊ लागली.

आफ्रिकेत चाललेलं इंग्रजी

आपल्या इंग्रजीला परदेशात कधी किंमतच नव्हती, असं मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इथिओपियाच्या सम्राट हैले सेलासी यांनी शाळा वाढवल्या तेव्हा भारतातून मोठ्या संख्येने शिक्षक बोलावले. तिथल्या माध्यमिक शाळा इंग्रजीतून चालत. १९७० च्या दशकात तेलाचा पैसा आलेल्या नायजेरियाने १९७६ मध्ये सर्वांना प्राथमिक शिक्षण देण्याची योजना आणली आणि तिथेही भारतीय शिक्षक गेले. झांबियातही हेच घडलं. आपल्या मागच्या पिढीत "काका नायजेरियात मास्तर होते" असं सांगणारी माणसं भेटतात, ती याच लाटेतली.

या देशांनी काय पाहिलं? बी.ए., बी.एड.ची प्रमाणपत्रं आणि वर्गात शिकवण्याचा अनुभव. पोरांना शिकवायला माणूस तातडीने हवा होता, आणि भारतातला मास्तर उन्हातान्हात, साठ मुलांच्या वर्गात, खडू-फळ्यावर शिकवू शकत होता. त्याच्या उच्चाराबद्दल तक्रार करायला कुणाला सवड नव्हती.

'मूळ भाषक' कुठून आला

'मूळ भाषक हाच उत्तम शिक्षक' ही कल्पना सामान्य समज म्हणून जुनीच, पण तिला प्रतिष्ठा मिळाली ती विसाव्या शतकात. १९६१ मध्ये युगांडातल्या मकेरेरे इथे राष्ट्रकुल देशांची इंग्रजी अध्यापनावर परिषद झाली. नव्याने स्वतंत्र होणाऱ्या देशांत इंग्रजी कसं शिकवायचं, हा विषय. १९९२ मध्ये रॉबर्ट फिलिप्सन या भाषाशास्त्रज्ञाने तिथल्या विचारांची चिरफाड केली आणि या समजुतीला सरळ भ्रम म्हटलं. त्याचा मुद्दा साधा होता : जन्माने भाषा येते, शिकवणं येत नाही. ते शिकावं लागतं.

याच काळात आपल्याकडची दोन माणसं या क्षेत्राला नवं वळण देत होती. श्रीनगरमध्ये जन्मलेले, इलिनॉय विद्यापीठात शिकवणारे ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली. आतल्या वर्तुळात ब्रिटन-अमेरिकेसारखे देश, मधल्यात भारत-नायजेरिया-सिंगापूर, बाहेरच्यात जपान-कोरियासारखे. मधल्या वर्तुळाचं इंग्रजी हे चुकलेलं इंग्रजी नसून त्या त्या देशाचं स्वतःचं इंग्रजी आहे, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. दुसरे एन. एस. प्रभू. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत 'बंगलोर प्रकल्प' चालवला. व्याकरणाचे नियम घोकून घेण्याऐवजी मुलांना एखादं काम द्यायचं, नकाशा वाचा, वेळापत्रकातून गाडी शोधा, आणि ते करता करता भाषा येऊ द्यायची. ही पद्धत पुढे जगभर गेली.

आज इंग्रजी शिकवायला निघालेल्या आपल्या मुलांना जो प्रशिक्षणवर्ग करावा लागतो, त्यात ही 'कामातून भाषा' पद्धत असतेच. म्हणजे पद्धत भारतीय शाळांतून गेली तरी चालते, शिक्षक गेला तर पासपोर्ट आड येतो.

जपानचं जेट, कोरियाचा ई-२

जपानने १९८७ मध्ये 'जेट' कार्यक्रम सुरू केला. पहिल्या वर्षी ८४८ तरुण आले, चार देशांतून : अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. पुढे देश वाढत गेले. बहुतेक जण शाळेतल्या जपानी शिक्षकाचे सहायक म्हणून काम करतात. खासगी संभाषणवर्गांचा धंदाही तिथे जोरात होता. ऑक्टोबर २००७ मध्ये त्यांतली सर्वांत मोठी कंपनी, 'नोव्हा', बुडाली आणि हजारो परदेशी शिक्षक पगाराविना अडकले. परदेशी जाताना मालक कोण आहे हे नीट बघावं, हा धडा आपल्या आयटीवाल्यांनी २००१ मध्ये घेतला होता. शिक्षकांनी तो २००७ मध्ये घेतला.

कोरियाचा इंग्रजीशी संबंधही जुना. १८८६ मध्ये राजाने सेऊलला काढलेल्या शाळेत तीन अमेरिकन शिक्षक आले. त्यांच्यातला होमर हल्बर्ट पुढे कोरियाच्या स्वातंत्र्यासाठी झटला आणि १९४९ मध्ये सेऊललाच त्याचं दफन झालं. पण मोठी मागणी आली ती १९९० च्या दशकात. १९९५ मध्ये सरकारी शाळांसाठी 'एपिक' योजना आली, १९९७ पासून तिसरीपासून इंग्रजी सुरू झालं आणि गल्लोगल्ली 'हागवॉन', म्हणजे खासगी क्लासेस, उभे राहिले. आपल्या पुण्या-लातूरच्या क्लासेसची कल्पना करा, फक्त रात्री दहापर्यंत आणि इंग्रजीसाठी.

या शिक्षकांसाठीचा व्हिसा म्हणजे ई-२. अटी वरवर सोप्या : सातपैकी एका देशाचा पासपोर्ट आणि कुठल्याही विषयाची पदवी. सागरी जीवशास्त्राचा पदवीधरही चालतो. शिकवण्याचा अनुभव सक्तीचा नाही. आधी तिथल्या शाळेशी करार, मग कागद तिकडे पाठवायचे, शाळेने इमिग्रेशन कचेरीतून व्हिसाचा क्रमांक मिळवायचा, आणि तो घेऊन आपण वकिलातीत जायचं. नोकरी बदलायची तर आधीच्या मालकाची लेखी सोडचिठ्ठी लागते. एच-१बी वर दिवस काढलेल्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

यादीतला सातवा देश मला फार बोलका वाटतो. दक्षिण आफ्रिकेच्या २०११ च्या जनगणनेत घरी इंग्रजी बोलणारे लोक ९.६ टक्के होते. बाकीच्यांच्या घरी झुलू, खोसा, आफ्रिकान्स आणि इतर भाषा. तरी तो देश 'मूळ इंग्रजी भाषक'. तिथल्या झुलू मुलामुलींना ही संधी मिळते याचा मला आनंदच आहे. पण घरी वेगळी भाषा आणि शाळेत इंग्रजी, हे वर्णन आपल्या पुण्या-मुंबईच्या मुलाला तंतोतंत लागू पडत नाही का?

२००७ नंतर

२००७ च्या शरदात कोरियात शिकवलेला एक कॅनेडियन शिक्षक मुलांवरच्या अत्याचारांच्या प्रकरणी थायलंडमध्ये पकडला गेला आणि कोरियात गदारोळ उठला. डिसेंबरपासून ई-२ साठी पोलिसांचा दाखला, अमली पदार्थांची तपासणी आणि एचआयव्ही चाचणी सक्तीची झाली. पोलिसांच्या दाखल्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. एचआयव्ही चाचणीबद्दल होतं, कारण ती कोरियन शिक्षकांना नव्हती आणि कोरियन वंशाच्या परदेशी शिक्षकांनाही नव्हती. न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेने दुसऱ्यांदा चाचणी द्यायला नकार दिला, तिचा करार वाढवला गेला नाही, आणि तिने प्रकरण थेट संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीकडे नेलं. २०१५ मध्ये समितीने तिच्या बाजूने निर्णय दिला आणि २०१७ मध्ये कोरियाने ही चाचणी रद्द केली. एका शिक्षिकेने नेटाने लढून देशाचा नियम बदलायला लावला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

भारतासाठी उघडलेली खिडकी

आणि आता आपला मुद्दा. ७ ऑगस्ट २००९ रोजी सेऊलला भारत आणि कोरिया यांच्यात व्यापक आर्थिक भागीदारीचा करार झाला, 'सेपा'. १ जानेवारी २०१० पासून तो लागू झाला. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या त्या मोटारी, पोलाद आणि जकातीच्या. पण सेवांच्या कलमांमध्ये एक छोटी तरतूद होती : भारतीय नागरिकांना कोरियातल्या शाळांत इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून जाता येईल. यादी सात देशांचीच राहिली, शेजारी एक खिडकी उघडली.

खिडकीची चौकट मात्र बघा. अमेरिकन पासपोर्टवाल्याला कुठलीही पदवी पुरते. भारतीयाला इंग्रजी विषयाची पदवी हवी आणि वर शिक्षकाची रीतसर पात्रताही हवी. यादीतल्या सात देशांच्या माणसाकडे जे मागितलं नाही, ते आपल्या माणसाकडे मागितलं. मी याकडे दोन्ही बाजूंनी बघतो. एकीकडे हा उघड दुजाभाव आहे. दुसरीकडे, प्रशिक्षित शिक्षक हवा ही अट मुळात रास्त आहे. ती सर्वांना लावायला हवी होती.

माझी मावशी सांगली जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात इंग्रजीची शिक्षिका होती. बी.ए. इंग्रजीत, मग बी.एड. ज्या मुलांच्या घरात इंग्रजीचा एक शब्द नाही, त्यांना तिने तीस वर्षं ती भाषा शिकवली. 'स' आणि 'श' कुठे अडतं, क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवण्याची सवय कशी मोडायची, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं. कोरियन भाषेतही क्रियापद शेवटी येतं! सेऊलच्या मुलाला ही अडचण का येते हे मावशीला पहिल्या तासाला कळलं असतं. न्यू जर्सीत वाढलेल्या मुलाला ते कळायला वेळ लागतो, कारण त्याला ती अडचण कधी आलीच नाही. सेपाचा करार झाला तेव्हा मावशी निवृत्त झाली होती. मी तिला या तरतुदीबद्दल सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पगार किती देतात रे?"

इतर देशांच्या वाटा थोड्या वेगळ्या. चीनने २०१७ मध्ये परदेशी कामगारांचे परवाने एकत्र करून वर्गवारी केली. तिथेही भाषा-शिक्षकाने स्वतःची मातृभाषाच शिकवावी असं धोरण आहे. थायलंडमध्ये दार सर्वांना उघडं आहे, पण इंग्रजीचा 'मूळ भाषक' न धरल्या जाणाऱ्या माणसाला टॉइक किंवा आयल्ट्ससारख्या परीक्षेचे गुण दाखवावे लागतात. म्हणजे आज नगरची एखादी ॲना बँकॉकला शिकवायला जाऊ शकते, आणि तेही नगरचं नाव न लपवता. परीक्षा मात्र द्यावी लागेल. आपल्यालाही एम.एस.ला येताना टोफेल द्यावीच लागली होती की! १९६४ पासून चालू असलेल्या त्या परीक्षेने किती मराठी घरांचं पाकीट हलकं केलं असेल.

आपल्या मुलांसाठी

आपली मुलं या व्हिसावर जाणार असतील तर त्यांनी जरूर जावं. काही व्यवहाराच्या गोष्टी आधीच सांगतो. पदवीच्या प्रमाणपत्राची नोटरी केलेली प्रत आणि त्यावर राज्याचं अपोस्टिल, एफबीआयचा दाखला आणि त्यावर केंद्र सरकारचं अपोस्टिल, या दोन कागदांना सर्वांत जास्त वेळ लागतो. नोकरी ठरायच्या आधीच ते काम सुरू करावं. करारात घर, विमानभाडं, सुट्ट्या आणि वर्षअखेरची रक्कम स्पष्ट लिहून घ्यावी. ॲना आणि राजा मोंगकुट यांचं भांडण याच मुद्द्यांवरून होतं. आधीच्या शिक्षकाशी एकदा बोलल्याशिवाय सही करू नये.

आणि एक गोष्ट कागदावर नसलेली. तिथे गेल्यावर सावळ्या रंगाच्या, मराठी आडनावाच्या मुलाला "तू नक्की अमेरिकन आहेस ना?" हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. आमच्या ओळखीच्या त्या मुलीलाही विद्यार्थ्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारला. तिने सांगितलं, की मी अमेरिकन आहे, माझे आई-बाबा मराठी बोलतात आणि माझ्या आजीला तीन भाषा येतात. मग मुलांनी फळ्यावर मराठीत स्वतःची नावं लिहून मागितली. त्या दिवशी कोरियातल्या एका वर्गात इंग्रजीच्या तासाला पंचवीस मुलांनी देवनागरी गिरवली.

नगर लपवायची पाळी तिच्यावर आली नाही. यात तिच्या निळ्या पासपोर्टचा वाटा मोठा आहे, हे तिलाही ठाऊक आहे. तसा पासपोर्ट नसलेल्या, पण वर्गात उभं राहून भाषा शिकवता येणाऱ्या आपल्या गावच्या शिक्षकांसाठी ती खिडकी अजून अरुंदच आहे. मुलांना हा इतिहास सांगून पाठवावा, म्हणजे आपल्या हातात आयता आलेला कागद इतर कुणाला कशाच्या बदल्यात मिळतो, किंवा मिळत नाही, हे त्यांच्या लक्षात राहील.